स्थानिक संगणकजाळ्याची मूलतत्त्वे : स्विचमधील लूप व त्यापासून बचाव

विषयाची ओळख

ग्रामपंचायत, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, सहकारी सोसायटी या गावच्या संस्थांचे बरेचसे दैनंदिन काम आज संगणकावर चालते. कर्नाटकात २००० सालाच्या सुमारास सुरू झालेल्या ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटींच्या आसपास जमीन-नोंदी संगणकावर आल्या आणि हस्तलिखित उताऱ्यांचे युग मागे पडले. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर केबल नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. ती पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गावापर्यंत येणारी ही वाट महत्त्वाची आहेच. परंतु कचेरीच्या उंबरठ्याच्या आत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माहिती नेण्याचे काम ज्या जाळ्यावर चालते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

बेळगावच्या दक्षिणेस, खानापूर तालुक्यातील नंदगडसारख्या गावात एखादा शेतकरी सकाळची बस पकडून, त्या दिवसाची मजुरी बुडवून उताऱ्यासाठी वा दाखल्यासाठी येतो आणि त्याला “आज संगणक बंद आहे” असे उत्तर मिळते. संगणक मात्र पुष्कळदा सुरूच असतो. वीजही असते, बाहेरची केबलही शाबूत असते. कोणीतरी मोकळे दिसलेले केबलचे टोक मदतीच्या भावनेने जवळच्या रिकाम्या खाचेत बसविलेले असते आणि तेवढ्याने कचेरीतील सर्व संगणक एकाच वेळी मुके होतात. हे कसे घडते आणि ते कसे टाळावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

स्थानिक जाळे म्हणजे काय?

एका इमारतीतील अथवा एका आवारातील संगणक, छपाईयंत्रे व तत्सम साधने परस्परांना जोडून जे जाळे तयार होते, त्यास ‘लोकल एरिया नेटवर्क’ अथवा संक्षेपाने ‘लॅन’ असे म्हणतात. आज बहुतेक लॅन ‘इथरनेट’ या पद्धतीने चालतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली या पद्धतीची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. १९८३ साली तिला अधिकृत मानकाचे स्वरूप मिळाले. आरंभी सर्व संगणक एकाच जाड केबलवर जोडले जात. आता प्रत्येक संगणकापासून एक स्वतंत्र केबल निघते व ती ‘स्विच’ नावाच्या मध्यवर्ती पेटीत येऊन मिळते.

या केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा असतात व त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. तांब्याच्या अशा केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये. स्विचवर ५, ८, १६ अथवा २४ अशा खाचा असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. एका स्विचचे पोर्ट अपुरे पडले की दुसरा स्विच आणून तो पहिल्याला जोडला जातो. पुढे तिसरा, चौथा असे हे कुटुंब वाढत जाते. लूप होण्याची शक्यता या वाढीबरोबरच वाढते.

स्विचचे काम

संगणकावरील माहिती केबलमधून सलग जात नाही. ती लहान लहान पाकिटांत विभागली जाते. अशा पाकिटास ‘फ्रेम’ म्हणतात. एका फ्रेममध्ये सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १,५०० बाइट माहिती मावते. टपालाच्या पाकिटाप्रमाणेच प्रत्येक फ्रेमवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता यंत्र तयार होतानाच त्यास दिलेला असतो. तो ४८ बिटांचा असून १२ चिन्हांत लिहिला जातो. त्यास ‘मॅक पत्ता’ म्हणतात.

गावात नवीन आलेला पोस्टमन जसा हळूहळू कोणाचे घर कोठे आहे ते शिकतो, तसाच स्विचही शिकतो. फ्रेम ज्या पोर्टातून आली, त्या पोर्टाच्या बाजूस तिचा प्रेषक राहतो, अशी नोंद तो आपल्या तक्त्यात करतो. पुढे त्या पत्त्यावर फ्रेम आली की ती फक्त त्याच पोर्टातून सोडली जाते. बराच काळ, साधारणतः ५ मिनिटे, एखाद्या पत्त्यावरून काहीच आले नाही, तर ती नोंद पुसली जाते. पत्ता ठाऊक नसल्यास मात्र स्विच ती फ्रेम, ज्या पोर्टातून आली तो सोडून, इतर सर्व पोर्टांतून बाहेर पाठवितो.

काही फ्रेम मुद्दामच सर्वांसाठी असतात. अमुक क्रमांकाचे छपाईयंत्र कोठे आहे, असे एखाद्या संगणकाला विचारावयाचे असते तेव्हा तो सर्वांना उद्देशून प्रश्न पाठवितो. गावातील दवंडीसारखाच हा प्रकार आहे. तांत्रिक भाषेत यास ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. अशी दवंडी प्रत्येक स्विच प्रत्येक पोर्टातून पुढे पाठवितो व ती जाळ्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते. दवंडीवाचून लॅनचे काम चालत नाही.

लूप कसा तयार होतो?

उदाहरणासाठी नंदगडसारख्या गावातील एखादी माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. कार्यालय, संगणक कक्ष व प्रयोगशाळा अशा तीन ठिकाणी तीन स्विच आहेत. कार्यालयापासून संगणक कक्षापर्यंत एक केबल आहे व कार्यालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दुसरी. एवढ्यावर सर्व काही सुरळीत चालते. पुढे कोणीतरी संगणक कक्ष व प्रयोगशाळा यांच्यामध्ये तिसरी केबल टाकतो. तिन्ही स्विचचा त्रिकोण पूर्ण होतो. यासच ‘लूप’ म्हणतात.

आता कार्यालयातील एका संगणकाने दवंडी दिली. कार्यालयाच्या स्विचने ती दोन्ही बाजूंस पाठविली. संगणक कक्षाच्या स्विचने ती प्रयोगशाळेकडे धाडली व प्रयोगशाळेच्या स्विचने संगणक कक्षाकडे. दोन्ही प्रती फिरून पुन्हा कार्यालयात आल्या. कार्यालयाच्या स्विचला ही जुनीच दवंडी आहे हे कळण्याचा मार्ग नाही. तो ती पुन्हा पुढे पाठवितो. एक प्रत उजवीकडून, एक डावीकडून अशा दोन प्रती त्रिकोणात अखंड फिरत राहतात. पुढची प्रत्येक नवी दवंडी आणखी दोन प्रतींची भर घालते.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. इंटरनेटवरून दूर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. तो आरंभी बहुधा ६४ वा १२८ असतो. वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो व आकडा शून्यावर आला की ते पुडके टाकून दिले जाते. त्यामुळे वाट चुकलेले पुडके केव्हातरी नष्ट होते. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडा नसतो. लूपमध्ये सापडलेली दवंडी केबल काढेपर्यंत, अथवा वीज जाईपर्यंत, फिरतच राहते.

फिरण्याचा वेगही विचारात घ्यावा. प्रतिसेकंद १ गिगाबिट क्षमतेच्या एका केबलमधून सर्वांत लहान आकाराच्या फ्रेम दर सेकंदास सुमारे १४ लाख ८८ हजार इतक्या जाऊ शकतात. लूप झाला की काही क्षणांत केबलची ही सारी क्षमता निरर्थक दवंड्यांनी भरून जाते. प्रत्येक संगणकालाही प्रत्येक दवंडी ऐकावी लागत असल्याने तोही मंदावतो. शिवाय एकाच प्रेषकाची फ्रेम कधी या पोर्टातून तर कधी त्या पोर्टातून येऊ लागल्याने स्विचचा तक्ता क्षणोक्षणी बदलतो आणि नेमके टपालही चुकीच्या दारी जाते. या अवस्थेस ‘ब्रॉडकास्ट वादळ’ असे नाव आहे.

लूप होण्यास तीन स्विच लागतातच असे नाही. दोन स्विचमध्ये दोन केबल जोडल्या तरी लूप होतो. एकाच केबलची दोन्ही टोके एकाच साध्या स्विचमध्ये बसविली तरीही तो होतो; कचेऱ्यांत व शाळांत हाच प्रकार अधिक आढळतो.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना हे तत्त्व संगणकाविना समजावून देता येईल. तीन विद्यार्थ्यांना एका रांगेत उभे करावे. नियम एकच : शेजाऱ्याकडून चिठ्ठी मिळाली की तिची नक्कल करून, देणारा सोडून इतर प्रत्येक शेजाऱ्यास एकेक द्यावी. रांगेच्या टोकाशी चिठ्ठी थांबते. आता त्याच तिघांना त्रिकोणात उभे करून प्रत्येकाचे उरलेले दोघेही शेजारी मानावेत. पहिल्याने दोघांना चिठ्ठ्या दिल्या की दोन चिठ्ठ्या फिरू लागतात व थांबत नाहीत.

यानंतर चार विद्यार्थी घेऊन प्रत्येकास इतर तिघांचा शेजारी करावे. पहिल्या फेरीत ३ चिठ्ठ्या, दुसरीत ६, तिसरीत १२ असे होत होत दहाव्या फेरीत १,५३६ चिठ्ठ्या द्याव्या लागतील. कागद दोन-तीन फेऱ्यांतच संपतो. जाळे जितके अधिक गुंतागुंतीचे, तितके वादळ तीव्र, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येते.

मग दुसरी केबल टाकूच नये काय?

असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. खानापूर तालुक्यात, विशेषतः त्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, पावसाचे प्रमाण मोठे आहे. भिंतींना ओल येते, उंदीर केबल कुरतडतात, फांदी पडून तार तुटते. दोन इमारतींमध्ये एकच केबल असेल व ती तुटली, तर पलीकडची इमारत दुरुस्ती होईपर्यंत जाळ्याबाहेर पडते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दुसरा मार्ग असणे हिताचे असते. तो असावा, परंतु पहिला चालू असेतोवर तो बंद राहावा, ही खरी गरज आहे.

नंदगडच्या वाचकांस यासाठी दूरचा दृष्टांत शोधावा लागणार नाही. कित्तूरच्या लढ्यातील वीर संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ फाशी देण्यात आली. त्यांच्या समाधीच्या ठिकाणी वटवृक्ष आहे. आंबा वा फणस यांच्या कोणत्याही फांदीपासून मुळापर्यंत जाण्यास एकच वाट असते. वडाचे तसे नाही. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजतात व एकाच फांदीपासून जमिनीपर्यंत अनेक वाटा तयार होतात. एक खोड खचले तरी पारंब्यांच्या आधारे वड उभा राहतो. सुरक्षित जाळे बांधणीत वडासारखे असावे. पण त्यातून माहिती मात्र आंब्याच्या झाडातल्याप्रमाणे एकाच वाटेने जावी. ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधण्याची युक्ती पुढीलप्रमाणे आहे.

स्पॅनिंग ट्री पद्धती

अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करणाऱ्या राडिया पर्लमन यांनी १९८५ साली ही पद्धती प्रसिद्ध केली. १९९० साली तिचा समावेश अधिकृत मानकात झाला. तिला ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल’ म्हणतात. सर्व ठिकाणांपर्यंत पोचणारा, परंतु कोठेही चक्र नसणारा वृक्ष तयार करणे, असा या नावाचा आशय आहे. तिचे टप्पे असे :

(१) सर्व स्विच आपापसांत एका स्विचची ‘मूळ’ म्हणून निवड करतात. प्रत्येकास एक प्राधान्य-क्रमांक असतो व ज्याचा क्रमांक सर्वांत लहान तो मूळ ठरतो. कारखान्यातून येताना हा क्रमांक सर्वसाधारणपणे ३२,७६८ ठेवलेला असतो. सर्वांचा क्रमांक समान असल्यास ज्याचा मॅक पत्ता लहान, तो निवडून येतो.

(२) मूळ स्विच दर २ सेकंदांनी एक लहानसे सूचनापत्र पाठवितो व इतर स्विच ते पुढे नेतात. त्यावरून प्रत्येक स्विचला मुळापर्यंत जाण्याची सर्वांत सोयीची वाट कळते. वेगवान केबलचे मोल कमी व मंद केबलचे अधिक धरले जाते.

(३) जे दुवे या वाटांमध्ये येत नाहीत, त्यांच्या एका टोकाचा पोर्ट माहितीसाठी बंद ठेवला जातो. तो निकामी होत नाही. सूचनापत्रे ऐकत राहतो.

(४) चालू केबल तुटली की सूचनापत्रे येणे थांबते अथवा बदलते आणि बंद पोर्ट उघडून दुसरी वाट सुरू होते. मूळ पद्धतीत यासाठी ३० ते ५० सेकंद लागत. २००१ साली आलेल्या सुधारित, शीघ्र पद्धतीत हा अवधी काही सेकंदांवर, पुष्कळदा त्याहूनही कमी वेळावर आला.

वरील शाळेच्या उदाहरणात कार्यालयाचा स्विच मूळ ठरला व तिन्ही केबल सारख्या क्षमतेच्या असल्या, तर संगणक कक्ष व प्रयोगशाळा यांमधील केबलचे एक टोक बंद राहील. कार्यालयाकडील एखादी केबल तुटताच ते आपोआप उघडेल. मध्यवर्ती स्विचचा प्राधान्य-क्रमांक मुद्दाम कमी, उदाहरणार्थ ४,०९६, करून ठेवावा. तसे न केल्यास कोपऱ्यातील एखादा जुना, मंद स्विच केवळ लहान पत्त्याच्या बळावर मूळ ठरून सर्व वाटा आपल्याकडे वळवून घेण्याचा संभव असतो.

एका रुग्णालयाचा धडा

ही पद्धती असली की काळजी संपली, असेही नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे संगणकजाळे १३ नोव्हेंबर २००२ रोजी कोलमडले. जाळे वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्याने वाढत गेले होते. स्पॅनिंग ट्रीच्या ठरलेल्या वेळमर्यादांनुसार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारणतः ७ पेक्षा अधिक स्विच एकापुढे एक असू नयेत. ही मर्यादा तेथे ओलांडली गेली होती. भार वाढताच सूचनापत्रे वेळेवर पोचेनात, बंद राहावयाचे मार्ग उघडले आणि लूप तयार झाले. सुमारे चार दिवस रुग्णालयास कागद-लेखणीवर काम चालवावे लागले. रुग्णालयाने ही हकीकत न लपविता इतरांच्या उपयोगासाठी जाहीर केली, ही गोष्टही नमूद करण्यासारखी आहे.

घ्यावयाची दक्षता

लहान कचेऱ्यांत वापरले जाणारे स्वस्त, साधे स्विच स्पॅनिंग ट्री पद्धती जाणत नाहीत. अशा ठिकाणी माणसाची शिस्त हाच बचाव असतो. पुढील नियम सर्वत्र पाळावेत :

१. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांवर एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सीमाभागातील कचेऱ्यांत कोणी मराठी वाचतो, कोणी कन्नड. बदलीने येणारे कर्मचारीही असतात. म्हणून ठिकाणाचे नाव दोन्ही भाषांत व क्रमांक सर्वांना वाचता येईल अशा एकाच अंकपद्धतीत लिहावा.

२. कोणता स्विच कोठे आहे व कशास जोडला आहे, याचा साधा नकाशा भिंतीवर लावावा. केबल बदलताच नकाशात दुरुस्ती करून तारीख घालावी.

३. एक टोक स्विचमध्ये व दुसरे मोकळे लोंबते, अशी केबल ठेवू नये. उपयोग नसल्यास दोन्ही टोके काढून गुंडाळून ठेवावी. लूपचे आमंत्रण बहुधा अशाच टोकातून येते.

४. स्विचला स्विच जोडण्याचे काम एकाच नेमलेल्या व्यक्तीने करावे. वायफाय राउटरमध्येही स्विच असतो आणि टेबलावरील इंटरनेट दूरध्वनीला दोन पोर्ट असतात, हे विसरू नये. त्या दूरध्वनीचे दोन्ही पोर्ट भिंतीतील खाचांना जोडल्यासही लूप होऊ शकतो.

५. जेथे दोन मार्ग आवश्यक आहेत, तेथे स्पॅनिंग ट्रीची सोय असलेलेच स्विच घ्यावेत. खरेदीच्या मागणीपत्रात तसा स्पष्ट उल्लेख करावा.

६. अशा स्विचमध्ये संगणकांसाठी राखलेल्या पोर्टांवर दुसऱ्या स्विचचे सूचनापत्र आल्यास तो पोर्ट तत्काळ बंद व्हावा, अशी व्यवस्था करता येते. दवंड्यांच्या संख्येवर मर्यादाही घालता येते. जाणकाराकडून या दोन्ही सोयी सुरू करून घ्याव्यात.

७. दोन इमारतींमध्ये शक्य तो ऑप्टिकल फायबर केबल वापरावी. तांब्याच्या केबलमधून विजांच्या गडगडाटात विद्युत्-धक्का येऊन स्विच जळण्याचा धोका असतो.

लूप झाल्यास काय करावे?

स्विचवरील बहुतेक सर्व दिवे एकाच वेळी, न थांबता, अतिशय वेगाने लुकलुकू लागले आणि सर्व संगणकांचे काम एकदम ठप्प झाले, तर लूपचा संशय घ्यावा. केवळ बाहेरचे इंटरनेट बंद असेल, तर कचेरीतील छपाईयंत्र चालू राहते. लूपमध्ये तेही थांबते.

प्रथम, गेल्या तासाभरात कोणी कोणती केबल हलविली, हे शांतपणे विचारावे. दोष देण्याच्या सुरात विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही व तास वाया जातात. उत्तर न मिळाल्यास स्विच-स्विचमधील केबल एकेक करून काढाव्यात व प्रत्येक वेळी काही क्षण दिव्यांकडे पाहावे. ज्या केबलबरोबर दिवे शांत होतात, ती लूपचा भाग असते. सर्व काढूनही एकाच स्विचचे दिवे धावत राहिले, तर दोष त्याच स्विचवर आहे. तेथे दोन्ही टोके बसविलेली केबल शोधावी. स्विच बंद करून पुन्हा सुरू केल्याने क्षणभर आराम पडतो, परंतु केबल जागेवर असेतोवर वादळ पुन्हा उठते. दोष सापडल्यावर तो काय होता, हे नकाशाखाली लिहून ठेवावे.

या दक्षतेस फारसा खर्च नाही. चिठ्ठ्या, एक नकाशा व जबाबदार व्यक्तीची नेमणूक एवढ्यावर लहान कचेरीचे जाळे निर्धोक राहू शकते. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला स्विच म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचा उतारा त्याच दिवशी त्याच्या हाती पडावा, याची जबाबदारी खिडकीच्या आतील माणसांची आहे.

स्वाध्याय

१. स्विच आपला पत्त्यांचा तक्ता कसा तयार करतो?

२. लूपमध्ये सापडलेली फ्रेम आपोआप नष्ट का होत नाही?

३. पाच विद्यार्थ्यांपैकी प्रत्येक जण इतर चौघांचा शेजारी असेल, तर चिठ्ठ्यांच्या प्रयोगात चौथ्या फेरीत किती चिठ्ठ्या होतील?

४. आपल्या शाळेतील अथवा कचेरीतील स्विच व केबल यांचा नकाशा काढा व त्यात कोठे लूप आहे काय, ते तपासा.